राजदूतचा वाकडा लिव्हर

येरमाळा
६ जानेवारी २०२५

ती. स्व. शिवलिंगप्पा काका यांस,
राजनंदिनीचा साष्टांग नमस्कार.

आपली ओळख नाही. येरमाळ्याचे बलभीम, ज्यांच्याकडं राजदूत मोटरसायकल होती, त्यांची मी मुलगी. अण्णा चार वर्षांपूर्वी गेले. राजदूत मात्र आहे आणि आता ती मी चालवते. इथल्या टपाल कार्यालयात मी डाक सेवक आहे, वाड्या-वस्त्यांवर टपाल पोचवायचं काम करते. रोज पिशवी भरून निघते, पण पिशवीत आधार कार्डं, बँकेची पाकिटं आणि कोर्टाच्या नोटिसा. माणसानं माणसाला लिहिलेलं पत्र दोन वर्षांत एकदाही माझ्या हाती लागलं नाही. माझं स्वतःचंही हे पहिलंच, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काम असं की, गाडीच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर तुटला. कळंबला नवा घेतला, तो गाडीला बसेना. धाराशिवहून दुसरा आणला, तो कानसून कसातरी बसवला, पण दाबताना अडकतो. मग अण्णांच्या हत्यारांच्या पेटीत एक चिठ्ठी सापडली. त्यांच्याच अक्षरात: ‘ब्रेकच्या लिव्हरचं काहीही झालं तर शिवलिंगप्पा लेथवाले, उमरगा. दुसऱ्या कुणाकडं न्यायचा नाही.’ शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा. इंजिनसाठीसुद्धा त्यांनी असं काही लिहून ठेवलेलं नाही. चिठ्ठीवर फोन नंबर नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडं जुन्या राजदूतला नीट बसेल असा लिव्हर मिळेल का? एवढं कळवावं.

आपली,
राजनंदिनी

*

उमरगा
१५ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस,
शिवलिंगप्पाचे अनेक आशीर्वाद.

बलभीम गेल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. लेथ बंद केला आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. आधी राग आला, चार वर्षं मला कुणी कळवलं कसं नाही म्हणून. मग वाटलं, कळवणार तरी कसं? पंचेचाळीस वर्षं लोखंड कापून माझे कान गेलेत. फोन लावला की आत नुसती माशी घुमते. तेव्हा तू पत्र लिहिलंस ते बरं केलंस. शिवाय फोनवर सांगितलेलं माप विसरतं, कागदावरचं राहतं.

सोबत एसटीच्या पार्सलानं एक लिव्हर पाठवतोय. जुन्या मालातला आहे, राजदूतचाच. लिव्हर ज्यावर फिरतो त्या खिळ्याचं भोक, वायरची गुंडी बसायची जागा, सगळं मोजून पाहिलंय. हा बसला नाही तर मी लेथ मोडीत काढीन आणि बस स्टँडवर भजी तळीन.

बसवताना खिळ्याला थोडं ग्रीस लाव. जास्त लावू नकोस, धूळ धरते.

तुझी आई कशी आहे? बरी आहे की नाही एवढंच लिही.

तुझा,
शिवलिंगप्पा

*

येरमाळा
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
सा. नमस्कार.

भजी तळायची गरज नाही. लिव्हर गाडीला असा बसला की आमचे इथले मेकॅनिक उमाशंकर दोनदा काढून बघत राहिले. पण माझ्या हाताला तो बसत नाही, काका. हँडलच्या मुठीपासून इतका लांब आहे की बोटांची नुसती टोकं पोचतात. उतारावर टोकांनी ओढून गाडी थांबत नाही आणि बोटं पुढं टाकावीत तर मूठ सुटते. हात माझाच लहान असेल, पण जुन्या लिव्हरला असं कधी होत नव्हतं. चार बोटं आपोआप त्याच्यावर जाऊन पडायची.

तो जुना फार विचित्र होता. मध्येच मुठीकडं वाकलेला, टोकाला परत बाहेर वळलेला. वायरसाठी एकाच्या जागी दोन भोकं, त्यातलं एक पितळ ठोकून बुजवलेलं. कुणीतरी कधीतरी केलेला जुगाड असणार.

आई बरी आहे. गाडीशी तिचं काही देणंघेणं नाही, कधी मागं बसलेलीही मी पाहिली नाही. पण खंडेनवमीला गाडीची पूजा मात्र तीच करते. सगळं गाव टाकीला नाही तर चाकाला हळदीकुंकू लावतं, आमची आई ब्रेकच्या लिव्हरला लावते. लहानपणी मला वाटायचं, तिचा हात टाकीपर्यंत पोचत नसेल.

आपली,
राजनंदिनी

*

उमरगा
८ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुकडे टाकलेस का? टाकले असशील तर उकिरडा उपस, भंगारवाला गाठ, काय वाटेल ते कर, पण दोन्ही तुकडे मला पाठव. पितळ ठोकलेला तुकडा तर नक्की.

आणि दुसरं. ‘तुटला’ एवढंच लिहून तू मोकळी झालीस. लिव्हर झाडाच्या पानासारखा गळून पडत नाही. कसा तुटला ते खरं खरं लिही. मी रागावणार नाही. रागावलो तरी उमरगा लांब आहे.

शिवलिंगप्पा

*

येरमाळा
१७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
सा. नमस्कार.

तुकडे मी टाकले नव्हते. का ते माहीत नाही, पण रुमालात गुंडाळून टपालाच्या पिशवीत ठेवले होते. पाठवतेय.

आता खरं लिहिते. लिव्हर मीच मोडला. दिवाळीनंतर गाडी धुतली, पुसली, तेव्हा तो वाकडा दांडा डोळ्यांत खुपायला लागला. वाटलं, अण्णा कधी पडले असतील आणि वाकला असेल. नीट करावा, गाडी देखणी दिसेल. उमाशंकरना म्हटलं, सरळ करा. ते म्हणाले, “ताई, चालतंय तवर हात लावू नगा.” मी ऐकलं नाही. त्यांनी व्हाईसच्या लोखंडी पकडीत धरून जोर दिला आणि टक् करून दोन तुकडे झाले.

दुसरी गोष्टही लपवली. धाराशिवहून आणलेल्या लिव्हरवर गाडी चालवत असताना डोंगरउतारावर मी पडले. समोर शेळ्या आल्या, लिव्हर अर्ध्यावर अडकला. गुडघा फुटला, टपाल रस्ताभर पसरलं. आईला सांगितलं, पाय घसरला. तिनं गुडघ्याकडं पाहिलंच नाही. सरळ गाडीजवळ गेली आणि त्या नव्या लिव्हरवरून हात फिरवला. मग म्हणाली, “ह्यो कुठला? आधीचा कुठं हाय?” मी सांगितलं, मोडला. ती ओट्यावर बसली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “चैत्री पुनवंच्या आत हे धूड घरातनं गेलं पायजे. आता ती गाडी आपली ऱ्हायली न्हाय.”

आईचा शब्द आमच्या घरात मोडत नाही. गाडी गेली तर माझं काम गेलं, कारण त्या वस्त्यांवर दुसरं काही जात नाही. आणि काम एक वेळ दुसरं मिळेल, पण अण्णांचं म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे. रोज सकाळी किक मारली की मला वाटतं, ते अंगणातच आहेत. काका, पौर्णिमेच्या आत माझ्या हाताला बसणारा लिव्हर मिळाला नाही तर मला तिच्याशी बोलायला तोंड उरणार नाही.

आपली,
राजनंदिनी

*

उमरगा
१४ मार्च २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

महिना झाला, उत्तर नाही, म्हणून तू मला शिव्या घातल्या असशील. त्या पोचल्या.

तुकडे आले त्या दिवशी मी ते टेबलावर जोडून ठेवले आणि रोज त्यांच्यासमोर बसून राहिलो. राजनंदिनी, हा जुगाड नाही. हा लिव्हर मी केलेला आहे. बत्तीस वर्षांपूर्वी. आणि तो पडून वाकलेला नाही, मुद्दाम वाकवलेला आहे, एका हातासाठी. वायरचं भोक खिळ्याच्या जवळ आणलं की कमी जोरात ब्रेक जास्त धरतो. म्हणून जुनं भोक मी पितळेनं बुजवलं आणि दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत नवं पाडलं.

ज्या हातासाठी केला तो बलभीमचा नव्हता. बलभीमची बोटं केळीएवढी. तो बिचारा सगळी वर्षं त्या लिव्हरवर दोन बोटं टाकून गाडी चालवत राहिला, पण त्यानं तो बदलला नाही. मी समजत होतो, कधीच बदलला असेल.

कुणाचा हात, ते मी सांगू शकत नाही. मी शब्द दिला आहे. तुझ्या आईला विचार. ती हो म्हणाली तरच पुढचं लिहीन. नाही म्हणाली तर तुला लिव्हर मिळेल, गोष्ट मिळणार नाही.

मापासाठी एक कर. उजवा हात कोऱ्या कागदावर पालथा ठेव, बोटं सैल सोड आणि कडेनं पेन्सिल फिरवून पाठव. आकडे नकोत. आकडे लिहिताना माणूस चुकतो.

शिवलिंगप्पा

*

येरमाळा
२४ मार्च २०२५

ती. स्व. काकांस,
सा. नमस्कार.

सोबत माझा हात.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती ज्वारी पाखडत होती. ‘एका हातासाठी’ इथं आले तेव्हा सुपाचा आवाज थांबला. मी वर पाहिलं तर ती उठून गोठ्याकडं निघाली होती. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रागावलीय असंही वाटेना. तिला गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली पाहिली आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली. वाटलं, या बाईला मी ओळखत नाही.

आज सकाळी टपाल घेऊन निघताना तिनं माझ्या पिशवीत घडी घातलेला कागद टाकला. म्हणाली, “आप्पाच्या पत्रात घाल. तू वाचू नगंस.” मी वाचला नाही, देवीची शपथ. तसाच पाठवतेय.

राजनंदिनी

(आतला कागद)

आप्पा नमस्कार. तिला सांगा. माझ्यानं बोलवत न्हाय. लेकीनं मोडला म्हून बरं झालं आसं आता वाटतंय.
कडूबाई

*

उमरगा
२ एप्रिल २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तुझ्या आईचा कागद आला. मी आता मोकळा झालो. नीट बसून वाच.

त्र्याण्णव साली तीस सप्टेंबरच्या पहाटे आमच्याकडं भूकंप झाला. लोहाऱ्याकडचं तुझं आजोळ त्यात गेलं आणि आजी-आजोबा गेले, एवढं तुला माहीत असणार. आम्ही उमरग्याची दहा-बारा माणसं जॅक, साखळ्या आणि पहारी घेऊन सकाळीच तिथं पोचलो होतो. दगडमातीची घरं. कुठं गल्ली होती आणि कुठं अंगण, काही कळत नव्हतं.

दुपारी एक राजदूत आली. चालवणारी बाई होती. लुगड्याचा काष्टा, चेहरा धुळीनं पांढरा. मागं उजवा हात प्लास्टरमध्ये असलेला गडी. तो तुझा बाप, आणि ती तुझी आई. बैलगाडीवरून पडून बलभीमचा हात मोडला होता. सकाळी बातमी कळली, एसटीचा पत्ता नव्हता. त्या उन्हाळ्यात बलभीमनं शेतातल्या वाटेवर गंमत म्हणून तिला गाडी शिकवली होती. आयुष्यात डांबरी रस्त्यावर न चालवलेली बाई येरमाळ्याहून शंभराच्या आतबाहेर किलोमीटर नवऱ्याला मागं बसवून आली. मी तिला गाडीवरून उतरताना पाहिलं. हँडलवरची बोटं सुटेनात. बलभीमनं डाव्या हातानं एकेक बोट सोडवलं.

तिचे आईवडील आम्ही संध्याकाळपर्यंत बाहेर काढले. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. चिखलात जीप रुतायला लागल्या. छावणीतला एक डॉक्टर औषधांची पेटी धरून उभा, पलीकडच्या गावात पोचायचं कसं म्हणून. तुझी आई उठली. लुगडं आवळलं, राजदूतला किक मारली आणि म्हणाली, “बसा दादा.” डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिला. मीही. मग बसला.

बावीस दिवस, राजनंदिनी. डॉक्टर, नर्सबाई, सलाईनच्या बाटल्या, दुधाची पाकिटं, एकदा एक बाळंतीण. जिथं चालत जायला माणसं कचरत होती त्या वाटांवरून ती गाडी जायची. चिखलात आवाज यायचा आणि छावणीतली माणसं म्हणायची, “आली बगा राजदूतबाई.” मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. यंत्रांत आणि माणसांत उभी हयात गेली होती, पण असं काही मी पाहिलं नव्हतं आणि पुढंही पाहिलं नाही. आजही आठवलं की मला हात जोडावेसे वाटतात. तुझी आई आहे म्हणून सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि तळहात उघडून दाखवला. चार बोटांचं कातडं सोललेलं. लिव्हर तिच्या हाताला लांब, टोकांनी ओढून ओढून ही गत झाली होती. म्हणाली, “आप्पा, ह्ये जरा अलीकडं आणा. उतारावर थांबली न्हाय तर मागचा मानूस मरल.” स्वतःचं नाव नाही. मागचा माणूस.

माझ्याजवळ लेथ नव्हता, वीज नव्हती. एक कानस, हातानं फिरवायचं ड्रिल आणि तीन दगडांची चूल. रेशनच्या पावतीच्या पाठीवर तिचा हात ठेवला आणि पेन्सिल फिरवली. मदतीत आलेली साबणाची वडी लिव्हरला चोळली आणि विस्तवावर धरला. साबण काळा पडला की ओळखायचं, धातू मऊ झाला. तेव्हाच वाकवायचा. थंड असताना जोर लावला की तो मोडतो, तुझ्या हातून मोडला तसा. दोन तासांत झाला. तिनं बसवला, तीनदा दाबला आणि म्हणाली, “बसला.” आभार नाहीत, काही नाही. पुढची पेटी घेऊन गेली.

बावीस दिवसांनी रस्ते झाले, मोठ्या गाड्या आल्या. निघताना ती म्हणाली, “आप्पा, ह्ये कुनाला सांगू नगा. लोक म्हनतील, बाई लई धीराची. धीर कुठला? थांबले की आई दिसायची, म्हून थांबत नव्हते.” मी तिला तंगी म्हणायचो, आमच्या कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात. मी म्हटलं, “तंगी, शब्द दिला.” नंतर बलभीम अधूनमधून भेटून जायचा. त्याच्याकडून कळायचं की तिनं पुन्हा गाडीला हात लावला नाही, खंडेनवमी सोडून.

आता तुझं पत्र. तुझा हात आला तेव्हा मी ती जुनी पावती पेटीतून काढली. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. करंगळीच्या पेरापासून अंगठ्याच्या वळणापर्यंत रेघेवर रेघ बसली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, चष्मा काढून पुसला. कागद काढले, परत लावले. तेच.

त्यामुळं नवं माप घ्यावं लागलंच नाही. लिव्हर त्याच पद्धतीनं केलाय, चुलीवर, साबण लावून. गॅस होता, पण नको वाटला. पितळेची खूणही तशीच ठेवली आहे. लावायच्या आधी वायर ताणून घे. लिव्हर आणि ती जुनी पावती सोबत पाठवतोय. बत्तीस वर्षं सांभाळली, आता तुमच्या घरात राहू दे.

शिवलिंगप्पा

*

येरमाळा
४ मे २०२५

ती. स्व. काकांस,
राजनंदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कारण शेवटी सांगते.

तुमचं पत्र मी रस्त्यातच वाचलं. टपाल वाटून परत येत होते, बाभळीखाली गाडी लावली, वाचलं आणि तिथंच रडले. मग गाडीकडं पाहिलं. ज्या सीटवर मी रोज बसते, ज्या मुठी मी धरते, त्या सगळ्यांना हात लावायला मला धजवेना. घरी गाडी ढकलत आणली. दोन किलोमीटर. वाटेत माणसं विचारत होती, “पोस्टमनताई, पेट्रोल संपलं व्हय?” मी हो म्हटलं.

आई दारात उभी होती. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, “हे काय येड्यावानी?” मी टपालाची पिशवी उघडली. लिव्हर आणि पावती तिच्या हातात दिली.

तिनं पावती उलटसुलट पाहिली. मग तिचा हात त्या पेन्सिलीच्या रेघांवर ठेवला. काका, आता तो हात बसत नाही. बोटं सुजलीत, सांधे जाड झालेत, रेघांच्या बाहेर येतात. तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात तिथं ठेवला. बसला. मला आजवर वाटायचं, मी अण्णांची गाडी चालवते.

मग मी लिव्हर लावायला बसले. घाईत वायर तशीच अडकवायला लागले. मागून आवाज आला, “आधी वायर ताण.” तुमच्या पत्रातली ती ओळ मी तिला वाचून दाखवली नव्हती. तिनं पाना माझ्या हातातून घेतला. खिळा बसवला, ग्रीस लावलं, तेही बेतानं. एकदा दाबला, दोनदा, तीनदा. डोळे मिटलेले. मला वाटलं, आता ‘बसला’ म्हणेल. ती म्हणाली, “आप्पाचा हात अजून हलला न्हाय.”

पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा होती. गाव माणसांनी भरलं होतं. गाडी कुणाला द्यायची, कधी न्यायची, हा विषय आईनं काढला नाही, मीही काढला नाही. यात्रा पांगल्यावर तिसऱ्या दिवशी मी कामावर निघाले, तर ही अंगणात राजदूतवर बसलेली. काष्टा घातलेला. मी म्हटलं, “आई, लायसन्स लागतं.” ती म्हणाली, “तवा कुनी इचारलं न्हवतं.” मी सरकारी माणूस, बिनलायसन्स बसू देणार नाही, असं निक्षून सांगितलं. दोन दिवस अबोला. मग एका सकाळी फोटो आणि आधार कार्ड घेऊन दारात तयार.

उशिराचं कारण हेच. धाराशिवला जाऊन तिचं शिकाऊ लायसन्स काढलं. कॉम्प्युटरवर परीक्षा असते. माझी आई चौथी शिकलेली, तोंडात पदर धरून बसली आणि पास झाली. थोडे प्रश्न चुकले. चुकलेल्यांत ब्रेकचा एकही नव्हता, हे तिनं परत येईपर्यंत मला तीनदा सांगितलं. आता गाडीला पुढं-मागं शिकाऊचं लाल ‘एल’ लावलंय. गेले दहा-बारा दिवस रोज सकाळी आमच्या शेताच्या वाटेवर आम्ही दोघी जातो. पहिल्या दिवशी तिनं गिअर टाकला आणि गाडी निघाली तेव्हा मी मागं बसून तिची पाठ बघत होते. इतकी ताठ पाठ मी माझ्या आईची कधी पाहिली नव्हती. बांधावर उभी असलेली माणसं विळे खाली ठेवून बघत राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बघा, ही माझी आई आहे.

येत्या रविवारी आम्ही निघतोय. आधी लोहाऱ्याकडं, आजोळी. बत्तीस वर्षांत ती तिकडं गेलेली नाही. तिनं सांगितलंय, गाव आलं की मी काही विचारायचं नाही, नुसतं मागं बसायचं. तिथं ती थांबणार आहे. ‘या बारीला थांबायचं’ असं ती काल आपणहून म्हणाली. मग तिथून तुमच्याकडं, उमरग्याला.

गाडी आई चालवणार आहे. मागचा माणूस मी आहे.

तुमची,
राजनंदिनी

आप्पा, दुपारच्या आत येतो. च्या ठिवा.
तंगी